नाथबाबानं मला खुर्चीत बसवलं

देवावर रुसणारा माणूस मी काही पहिला नसेन. पण रुसून दोन महिने देव्हाऱ्याकडे पाठ करून निजणारा माझ्यासारखा दुसरा कोणी असेल असं वाटत नाही. खाटेचं तोंड मी मुद्दाम फिरवून घेतलं होतं. आमचं कुलदैवत खरसुंडीचा सिद्धनाथ. आम्ही त्याला नाथबाबा म्हणतो. कलकत्त्यात आमच्या देव्हाऱ्यात त्याचा चांदीचा टाक आहे आणि त्यातली चांदी मी माझ्या हातानं गाळलेली आहे. पंचावन्न वर्षं अंघोळ झाली की सहाणेवर गंध उगाळायचं, नाथबाबाला लावायचं, चिमूटभर गुलाल वाहायचा आणि मगच भट्टी पेटवायची, हा माझा नेम. एवढं करून त्यानं माझाच उजवा हात घ्यावा, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. अजूनही पूर्ण पटलंय असं खोटं लिहिणार नाही. पण आता तक्रार राहिलेली नाही. ती कशी गेली तेवढं सांगतो.

माझं शिक्षण चौथी. चौदाव्या वर्षी चुलत्याबरोबर हावड्याला गाडीतून उतरलो आणि गलाईच्या दुकानात लागलो. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली माणसं हे काम घेऊन देशभर पसरली आहेत. या धंद्यात सगळी मदार हातावर. तापलेली मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, सांडशीत धरून उचलायची आणि ओतायची. तेव्हा हात हलून चालत नाही. माझा हात कधी हलला नाही. बाजारातले बंगाली, मारवाडी माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, हा माणूस घ्या, याचा हात काटा आहे. ते ऐकून मी खूश व्हायचो, वर तोंडानं त्यांना दुकानाबाहेर हाकलायचो. माझा स्वभाव तसाच. कोणाचा आधार घेतला नाही, आणि घेणाऱ्याला मनातून कमी लेखलं.

एका सकाळी सांडशी उचलायला गेलो तर बोटं वळेनात. सांडशी खाली पडली. मी मुलाला, विलासला, हाक मारली ती तोंडातून भलतीच निघाली. अंगावरून वारं गेलं होतं. विलासनं वेळ घालवला नाही, सरळ दवाखान्यात नेलं, म्हणून जीव वाचला. दहा दिवसांनी घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, “औषधानं अर्धं काम होईल. उरलेलं व्यायामानं. आठवड्यातून तीनदा इथं या. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, वाया घालवू नका.”

सांगणं सोपं होतं. आम्ही राहतो जुन्या बाजाराच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचं नाव नाही. अठ्ठेचाळीस पायऱ्या, त्याही शिडीसारख्या उभ्या. गल्लीत टॅक्सी येत नाही, हातगाडी तेवढी येते. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्या दिवशी विलासनं बाजारातले चार हमाल आणले, मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, गमछ्यानं पोटाशी बांधलं आणि खाली उतरवलं. दारात ओळखीचा एक व्यापारी उभा होता. ज्यांना मी वर्षानुवर्षं हाकललं, त्यांतलाच. मला पाहून त्यानं हात जोडले. रस्त्यानं तिरडी जाताना माणसं जोडतात, तसे जोडले. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल. पण मी परत आलो ते मनाशी ठरवूनच, की हे पुन्हा नाही.

“आप्पा, तिथं गेल्याशिवाय पाय कसे यायचे?” विलास म्हणाला.

“पाय आले की जाईन. माझ्या पायानं उतरेन तेव्हाच उतरेन.”

“अहो, पण उतरलाच नाहीत तर पाय येणार कुठून?”

मी भिंतीकडे तोंड केलं. विलासनं घरी येऊन व्यायाम देणारी माणसं शोधली. फोनवर सगळे हो म्हणायचे आणि पत्ता ऐकला की गप्प व्हायचे. एकजण आला, पायऱ्या चढून घाम पुसत बसला, एकदा हात वर-खाली केला आणि परत फिरकला नाही. “न्यू टाउनला असता तर सोपं होतं, तिथं लिफ्ट आहे,” असं जाताना म्हणाला. म्हणजे वारं जायचं तर आधी लिफ्टचं घर बघून घ्यावं.

मग आम्ही आम्हाला कळत होतं ते करू लागलो. गावाहून थोरल्या भावानं तेल पाठवलं. माझी बायको रोज ते चोळायची. आमच्याकडे समज असा, की वारं गेलेल्या माणसानं हलू नये, अंग जितकं स्वस्थ राहील तितकं बरं. ती मला भरवायची, पाणी पाजायची, उठवताना आजारी हात धरून ओढायची. सगळं प्रेमानं. तिनं हात भरून सेवा केली आणि त्या सेवेखाली माझा हात आखडत गेला. अंगठा मुठीत गेला तो बाहेर येईना. खांदा दुखायला लागला. डाव्या हातानं जेवायला मी तयार नव्हतो. बायको चिडायची, “डावा हात देवानं काय शोभेला दिलाय?” मी म्हणायचो, डाव्या हातानं मी जेवणार नाही आणि नाथबाबालाही त्या हातानं हात लावणार नाही. पूजा तीच करू लागली. घंटा वाजली की मी डोळे मिटायचो. भक्तीनं नव्हे, रागानं.

असे दोन महिने गेले. एकदा सकाळी बायको भाजीला उतरली होती, विलास दुकानात होता. वाऱ्यासाठी दार उघडं ठेवलेलं. मी एकटाच होतो आणि त्या दिवशी मला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाचं रडू वाईट, ते लवकर थांबत नाही. मी देव्हाऱ्याकडे तोंड न वळवताच म्हणालो, “नाथबाबा, एक तर ने, नाहीतर उठव. पण लोकांच्या खांद्यावर मला घालू नको.” देवाशी बोलतानासुद्धा मी अट घालत होतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

थोड्या वेळानं दारात धापा टाकण्याचा आवाज आला. एक बाई उभी होती. पन्नाशीची, सुती साडी, काखेत छत्री, खांद्यावर जड पिशवी. आमच्या वरच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बंगाली मास्तरीणबाई राहतात, त्यांच्याकडे ती निघाली होती. भिंतीला टेकून म्हणाली, “एकटू जल देबेन?” जरा पाणी द्याल का?

मी म्हणालो, घरात कोणी नाही. ती म्हणाली, थांबते, आणि उंबऱ्याशी बसली. आता काय करावं? दारात आलेला माणूस पाणी मागतो आणि घरधनी खाटेवर पडून बघतो, असं आमच्या सात पिढ्यांत झालेलं नाही. तांब्या आणि पेला चार पावलांवर ट्रंकेवर होता. मी खाट धरून उठलो. भिंत धरली. पाय ओढत गेलो. डाव्या हातानं पाणी ओतलं, ते जमलं. पण माणसाला पाणी डाव्या हातानं द्यायचं? ते माझ्याच्यानं होईना. मी ट्रंकेला टेकलो, डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक उकलली, पेला त्यात बसवला, खालून डाव्याचा टेकू दिला आणि तो हात पुढं केला. अर्धं पाणी तिच्या साडीवर सांडलं. अंग घामानं भिजलं. ती बाई मदतीला पुढं आली नाही. नुसती उठून जवळ उभी राहिली, अशी की मी पडलो असतो तर तिच्याच अंगावर पडलो असतो. पेला तिनं दोन्ही हातांनी घेतला आणि उरलेलं पाणी संपवलं.

“मेशोमशाय,” ती म्हणाली. बंगाल्यांत वडीलधाऱ्याला असं म्हणतात. “वारं जाऊन किती दिवस झाले?”

“दोन महिने.”

“व्यायाम कोण घेतं?”

“कोणी नाही. बंद आहे.”

“मग आत्ता हे काय केलंत?”

“पाणी दिलं.”

“डाव्या हातानं का नाही दिलं? तो तर चांगला आहे.”

मला राग आला. म्हणालो, आम्ही माणसाला डाव्या हातानं देत नाही. त्यावर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. “आम्ही पेशंटचा चांगला हात बांधून ठेवतो, का तर आजारी हातानं काम करावं म्हणून. त्यासाठी भांडावं लागतं. तुम्ही तर स्वतःच बांधून बसलाय! फक्त काम करायचं विसरलात.”

तिचं नाव मिताली. हावड्याकडच्या एका दवाखान्यात ती अशाच रोग्यांना व्यायाम द्यायची आणि वरच्या मास्तरीणबाई तिच्या शाळेतल्या बाई. त्यांच्यासाठी ती फेरीबोटीनं नदी ओलांडून, कामावर जायच्या आधी यायची. तिनं माझे कागद वाचले, दाब मोजला, हात-पाय तपासले. मग म्हणाली, “दवाखान्यात मी रोज बघते. माणसं बरी होऊन घरी जातात आणि व्यायामाला परत येत नाहीत. आळस नसतो हो. जिना असतो, टॅक्सी नसते, घरातल्या कोणीतरी दिवसभराची मजुरी बुडवून आणायचं असतं. म्हणून तुमच्या मागच्या गल्लीतल्या क्लबात आम्ही आठवड्यातून दोन सकाळी जागा केलीय. दोनशे पावलंसुद्धा नाहीत. मी दारोदार पुरणार नाही, मेशोमशाय. तुम्ही खाली या.”

“खाली कसा येऊ?”

“क्लबातली माणसं खुर्चीतून नेतील.”

मी म्हटलं, खुर्चीचं नाव काढू नका. एवढ्यात बायको भाजीची पिशवी घेऊन वर आली. परकी बाई, ओली साडी आणि ट्रंकेपाशी उभा नवरा बघून आधी घाबरली. सगळं ऐकल्यावर मात्र पिशवी तिथंच आपटली. “खुर्चीत बसायला तुम्हाला कमीपणा येतो? चैत्रात नाथबाबा पालखीत बसतो, माणसांच्या खांद्यावर गावभर फिरतो. त्याला कमीपणा येतो का? तुम्ही देवाहून मोठे लागून गेलात?”

बायकोचं बोलणं मी आयुष्यभर या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. हे मात्र आत जाऊन बसलं. लहानपणी मी त्या पालखीखालून वाकून गेलो होतो, वाढल्यावर एकदा खांदाही दिला होता. तेव्हा असं कधी मनात आलं नाही, की बघा, देवाला चालता येत नाही. उलट खांदा द्यायला मिळाला म्हणून आम्ही स्वतःला भाग्यवान समजायचो. म्हणजे उचलून घेणारा जितका भाग्याचा, तितकाच उचलू देणाराही असेल की. मी खाली बघत म्हणालो, “बोलवा.”

दोन दिवसांनी क्लबातले चौघे आले. त्यांचा पुढारी बापी, चाळिशीचा, दुर्गापूजेचा मांडव घालणारा गडी. खुर्चीला त्यांनी आडवे बांबू बांधले होते. माझ्याकडे बघून बायकोला म्हणाला, “काकीमा, काळजी नको. आम्ही दरवर्षी दुर्गामाई उचलतो. काका तर तिच्या सिंहाएवढेही नाहीत.”

“डरकाळी मात्र तेवढीच आहे,” बायको म्हणाली.

मी डोळे मिटून बसलो. पहिल्या वेळी सगळं अंग ताठ धरलं होतं, त्यामुळे हमालांना मी जड झालो होतो. या वेळी मनात म्हटलं, नाथबाबा, घे, तुझ्या नावानं अंग सोडलं. आणि खरंच सोडलं. उतरताना एकदा खुर्ची कलली, पण भीती वाटली नाही. खाली बाजारातली माणसं बघत असतील. मी बघितलं नाही. क्लबाच्या दारात डोळे उघडले तेव्हा छातीवरचं कसलंसं ओझं गेलं होतं. कितीतरी दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला.

आत कॅरमबोर्ड भिंतीला लावून ठेवलेला, फळीवर फुटबॉलचे कप, दोन बांबू समांतर बांधून चालायची वाट केलेली. एक हातरिक्षा ओढणारा म्हातारा होता, एक मासे विकणारी बाई, एक निवृत्त बँकवाला. सगळ्यांचं एकेक अंग रुसलेलं. मासेवाली मला बघून म्हणाली, “या, या. आमच्याकडे डावे जास्त झालेत, उजवा कमी होता.” मी बऱ्याच दिवसांनी हसलो. मिताली कडक निघाली. बायकोला पहिल्याच दिवशी ओरडली, आजारी हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. माणूस स्वतः जेवढं करील तेवढं करू द्यायचं, सांडलं तर पुसून घ्यायचं. बायकोला हे फार जड गेलं. माझ्या हातून घास पडताना बघून ती उठून आत जायची.

एकदा मितालीनं विचारलं, आजाराच्या आधी उजव्या हातानं रोज न चुकता काय करायचात? मी म्हणालो, गंध उगाळायचो. सहाण म्हणजे काय ते तिला बायकोनं दाखवलं. मिताली चंदनाच्या खोडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, हाच तुमचा व्यायाम. रोज थोडा वेळ डाव्या हातावर कापडी पिशवी बांधायची आणि उजव्यानं उगाळायचं. निघालं नाही तरी उगाळायचं. मी खाट परत देव्हाऱ्याकडे फिरवून घेतली. पहिले कित्येक दिवस खोड हातातून निसटायचं, नुसतं पाणी इकडंतिकडं व्हायचं. चिडून मी एकदा सहाण लोटूनही दिली. ती बायकोनं परत पुढं ठेवली. मग एका सकाळी दगडावर ओला पिवळट डाग दिसला. बोटाला वास आला. तेवढं गंध नाथबाबाच्या कपाळी लावायला गेलो तर ते त्याच्या मिशीवर लागलं. मी म्हणालो, “देवा, चालवून घे.” मागं वळलो तर बायको दारात उभी. पदर तोंडाला लावून आत गेली.

ही कृपा म्हणायची की योगायोग, मला ठरवता येत नाही, आणि चौथी शिकलेल्या माणसानं त्यात पडू नये. मितालीनं मागाहून सांगितलं, तिच्या पिशवीत पाण्याची बाटली नेहमी असते. त्या दिवशी ती बोटीवर विसरली. इतकंच. मी लोकांच्या खांद्यावर घालू नको म्हणालो होतो, आणि नाथबाबानं नेमकं तेच केलं. माझी अट मोडली म्हणून मी आज दोन पायांवर आहे.

सगळं परत आलं असंही नाही. मूस मी पुन्हा उचललेली नाही. ते काम विलास करतो, आणि चांगलं करतो, हे त्याला मी आजवर सांगितलं नव्हतं, इथं लिहून ठेवतो. उजवा पाय थोडा घासतो. पण माझं मी जेवतो, अंघोळ करतो, अठ्ठेचाळीस पायऱ्या कठडा धरून उतरतो. क्लबातली जागा अपुरी पडायला लागली तेव्हा विलास आपणहून म्हणाला, आप्पा, आपलं दुकान तळमजल्यावर आहे, उंबरासुद्धा नाही. दुपारपर्यंत गिऱ्हाईक येत नाही. आता तिथं दोन सकाळी भट्टी बंद असते आणि बाजारातले रोगी येतात. मिताली तिच्या एका मैत्रिणीला घेऊन येते. माझ्याकडे काम एकच. वरच्या मजल्यांवर कितीतरी माणसं अशी पडून आहेत, भिंतीकडे तोंड करून. जो खाली यायला तयार नसेल त्याच्याकडे मिताली मला पाठवते. मी जातो, त्याच्या खाटेशी बसतो. देवाचं वगैरे लगेच काढत नाही. आधी त्याच्या शिव्या ऐकून घेतो. मला त्या सगळ्या पाठ आहेत.

मागच्या आठवड्यात अशाच एकाला भेटून मी जिना उतरत होतो. अर्ध्यावर दम घ्यायला थांबलो. खालून एक अनोळखी माणूस पिशवी घेऊन वर येत होता. मला भिंतीला टेकलेला बघून त्यानं पिशवी पायरीवर ठेवली आणि विचारलं, “धरबो, दादू?” धरू का? खरं सांगायचं तर गरज नव्हती. दम परत आलाच होता, कठडा हाताशी होता, उरलेल्या पायऱ्या मी सहज उतरलो असतो. जीभ नाही म्हणायला उचलली गेली. पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.